खोडलेलं अकरावं कलम

अकोल्याच्या नियमांतलं अकरावं कलम मी लाल पेन्सिलनं आडवं खोडलं आणि समोर बसलेल्या अध्यक्षांना म्हटलं, "हे आपल्याला नको."

आमच्या म्युनिसिपल कमिटीचे अध्यक्ष वकील होते. खोडलेला मजकूर दिसला की वकील आधी तोच वाचतो. त्यांनी चष्मा लावला.

"काय म्हणतंय हे?"

"काळ्या जमिनीतून जाणारी नाली पहिला पावसाळा कच्चीच वाहू द्यावी म्हणतंय. दगड-चुन्याचं काम दसऱ्यानंतर."

"म्हणजे वर्ष गेलं."

"गेलंच. अकोलेकरांना घाई कशाची? त्यांनी आपला आळससुद्धा कलमात घालून ठेवलाय."

वकीलसाहेब मोठ्यानं हसले. मीही हसलो. मी पक्का अमरावतीकर. अकोल्याची टिंगल करायला आम्हाला कारण लागत नाही, आणि आमची करायला अकोलेकरांनाही लागत नाही. पण त्या दिवशीच्या हसण्याची मला आजही लाज वाटते. म्हणून तर हे सांगायला बसलो.

मी तेव्हा ओव्हरसियर होतो. ओव्हरसियर म्हणजे इंजिनियरच्या खालचा आणि मिस्त्रीच्या वरचा माणूस. काम चांगलं झालं तर श्रेय त्या दोघांत वाटलं जातं, बिघडलं तर मधल्याला धरतात. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपूरहून निघायचा, जिल्ह्याला यायचा आणि तिथून आमच्यासारख्या लहान गावच्या कमिटीच्या टेबलावर पडायचा. गावाचं नाव लिहीत नाही. मूर्तिजापूर स्टेशनवर उतरायचं, पुढे सर्व्हिस मोटर, मोटर नसली की बैलगाडी. एवढं पुरे.

त्या गावात जुन्या वस्तीच्या मागं एक पडीत जागा होती. चार महिने तिथं पावसाचं पाणी साचायचं. डास, हिवताप, दर घरात एक तरी माणूस घोंगडी पांघरून कुडकुडत पडलेलं. पाण्याला वाट काढून द्या, असा हुकूम आला. नुसती नाली खोदून भागत नाही, तिचे नियम लागतात. कोणी कुठलं पाणी कुठं सोडायचं, उतार किती ठेवायचा, मोडलं तर दुरुस्ती कोणाची. सांडपाण्याचं सोडा, ते घरटी दोन-चार घागरी असतं. पावसाचं पाणी म्हणजे अख्ख्या गावाच्या छपरांवरचं पाणी, तेही एकदम. वकीलसाहेब म्हणाले, "नवीन काही डोकं चालवू नका. अमरावतीचे नियम आणा, अकोल्याचे आणा, शेजारी शेजारी ठेवा आणि आपले करा. पावसाळ्याआधी नाली पक्की झाली पाहिजे."

मी आधी अमरावतीला गेलो. नियमांची प्रत एका तासात मिळाली, ओळखीचेच लोक. मग घरी गेलो. घर म्हणजे बंद घर. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, खिडक्या लावल्या, कुलूप घातलं. स्टेशनवर येऊन चार तास आधीच बाकावर बसलो.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला. तिथल्या कारकुनानं प्रत दिली आणि स्वतःहून म्हणाला, "साहेब, ते अकरावं कलम समजलं नाही त गुलाबखाँ मिस्त्रीले विचारा. त्यायनंच सांगून लिहवलं हाय. आता मोरणा नदीवर कामाले गेले, जेवणाच्या वक्ताले येतात. बसा तवर."

मी बसलो. एक तास बसलो. मग घड्याळ पाहिलं. मूर्तिजापूरची गाडी होती, ती गेली असती तर संध्याकाळची. गावात माझी कोणी वाट पाहत नव्हतं, पुढं काही अडलं नव्हतं. पण एका मिस्त्रीसाठी ओव्हरसियरनं बाकावर ताटकळायचं? मी उठलो आणि गाडी पकडली.

खोलीवर आल्यावर दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली. मजा वाटली. एकच वऱ्हाड, तोच पाऊस, आणि नियम पाहा तर दोन सख्ख्या जावांसारखे, एकीचं दुसरीला पटेल तर शपथ. अमरावती म्हणे, नाली अरुंद आणि खोल करा, उतार चांगला द्या, दगडानं बांधून काढा. अकोलं म्हणे, रुंद आणि उथळ करा, उतार मिळेल तेवढाच मिळणार. अमरावती म्हणे, धाब्याच्या घराच्या पन्हाळीचं पाणी सरळ रस्त्याच्या नालीत सोडा, कोणाच्या अंगणातून नेऊ नका. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत, त्याचं पाणी बाहेर टाकायला लाकडाची किंवा टिनाची पन्हाळ असते. अकोलं म्हणे, आधी आपल्याच अंगणात चर काढा, पाणी जरा निवळू द्या, मग सोडा. असे एकोणीस मुद्दे मी दोन रकान्यांत लिहिले. सतरा जागी अमरावतीचं घेतलं. अभिमान, दुसरं काय?

आता कळतं तो फरक असा. अमरावतीत खणलं की बहुतेक ठिकाणी दोन हातांवर मुरूम लागतो. घट्ट जमीन. अकोल्याकडे आणि पूर्णेच्या खोऱ्यात कितीही खणा, काळीच माती. काळी माती उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात ती पाणी पिते आणि फुगते. फुगते म्हणजे वर येते, वरचं बांधकाम घेऊन वर येते. दोन्ही शहरांनी आपापल्या जमिनीकडं पाहून नियम लिहिले होते. मी नुसते नियम पाहिले. आमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यातलं होतं.

त्या गावात मला माणूस नव्हतं. हे तक्रार म्हणून सांगत नाही, त्या नोकरीत ते असतंच. ओव्हरसियर दारात दिसला की घरधन्याला वाटतं, हा आता ओटा मोजणार. पुढं आलेला ओटा पाडायची नोटीस मीच काढायचो, मग मला चहाला कोण बोलावणार? मी गल्लीत शिरलो की बोलणं बंद व्हायचं. "राम राम, ओव्हरशेर साहेब," एवढं म्हणून माणसं आत जायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना आवतन देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ते मी कमिटीच्या ओट्यावर बसून ऐकायचो. बैलांचासुद्धा नंबर माझ्या आधी. हसू येतं ना? मलाही यायचं, आणि मग खोलीत जाऊन मी पिठलं लावायचो. कधी कधी दिवसभरात माझा आवाज मीच ऐकलेला नसायचा.

एकच दार उघडं होतं. जुन्या वस्तीतल्या गल्लीच्या टोकाला पुंजाजींचं. सत्तरीचा शेतकरी, बायको गेलेली, एकच मुलगी गोदा, ती हिवरखेडला दिलेली. वावर बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, लावलेलं. पहिल्यांदा मी त्यांचा ओटा मोजायलाच गेलो होतो. म्हातारा म्हणाला, "मोज बापू, मोज. मोजून झालं का बस, च्या घे. मोजल्यानं काही ओटा लहान होत नाही."

मला त्या गावात बापू आणि तू म्हणणारे ते एकटे. दर संध्याकाळी मी तिथं असायचो. बोलायला विषय लागायचा नाही. ते ज्वारीच्या जाती सांगायचे, मी लेव्हल म्हणजे काय ते सांगायचो. बायकोच्या आजारपणाचं मी कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्यांना सांगितलं. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "भाकर टाकू का अजून एक?"

त्यांच्या अंगणात पेव होतं. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. दीड पुरुष खोल खड्डा, आतून कडबा आणि कुटार लावलेलं, वर दगड आणि मातीचा लेप. नीट ठेवलं तर ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. जुनी वस्ती पांढऱ्या मातीवर, तिथं पेवात ओल येत नाही. गोदा दरवर्षी रेंगी घेऊन यायची, रेंगी म्हणजे हलकी बैलगाडी, आणि म्हणायची, "बाबा, चला. एकटे काहून राहता?" आणि पुंजाजी तिला पेवाजवळ नेऊन दगडावर पाय आपटायचे. "दोन सालाची जवारी हाय याच्यात. माया दाणा माया घरात हाय तवर मी जावयाच्या घरी जेवाले काहून येऊ?" गोदा रागावून जायची. त्यांचं त्या घरात राहणं त्या पेवावर होतं, आणि ते मला सगळ्यांत जास्त माहीत होतं.

नालीचं काम सुरू करायचं तर गल्लीतल्या लोकांनी जुन्या मोऱ्या बुजवायला हव्या होत्या. प्रत्येकाच्या अंगणाच्या भिंतीत एक भोक होतं. ह्याचं पाणी त्याच्या अंगणात, त्याचं पुढच्याच्या, असं होत शेवटी पुंजाजींच्या अंगणातून मागच्या पडीत जागेत. आजा-पणजापासूनची पाण्याची वाट. माझा नवा नियम म्हणे, ह्या मोऱ्या बंद, पाणी पुढं गल्लीच्या नालीत. नाली गल्लीतून निघून नव्या पेठेतून जाणार आणि पलीकडच्या नाल्याला मिळणार. गल्लीत कोणी तयार होईना.

"पाण्याची वाट बुजवाची नसते," लोक म्हणत. "पाणी इसरत नाही."

सभेत कोणी अंगठा द्यायला उठेना. मी मान खाली घालून बसलो होतो. तेवढ्यात पुंजाजी उठले, धोतर सावरलं आणि म्हणाले, "पयला अंगठा माया घ्या. हा पोरगा शिकेल हाय. खोटं नाही सांगत तो." त्यांची मोरी सगळ्यांत खालची, तीच मुख्य. त्यांनी अंगठा दिला तशी सगळी गल्ली मागं आली. त्यांची मोरी मी माझ्यासमोर दगड-चुन्यानं बंद करवली.

मेच्या उन्हात मी लेव्हल घेतली. लेव्हल म्हणजे तिपाईवरची दुर्बीण, समोर माणूस फूट-इंचाची लांब पट्टी धरून उभा राहतो आणि जमीन कुठं उंच, कुठं खाल ते कळतं. सपाट गाव. शंभर फुटांमागं तीन इंचांचा उतार कसाबसा काढला. पेठ नवीन, काळ्या रानावर वसलेली. तिथं नालीच्या चराला भेगा पडलेल्या दिसत होत्या. त्या भेगांत चुना ओतून मी वर फरशी बसवली. काय अक्कल!

पुंजाजी काम पाहायला आले होते. भेगांकडं पाहत म्हणाले, "बापू, पेठेतले घरं पावसात उठतात अन् उनात बसतात. दारं लागत नाहीत लोकायचे सावनात. तुया नालीचं कसं?"

"पुंजाजी, घरं कुठं उठतात का? लाकूड फुगतं, म्हणून दारं लागत नाहीत."

"मले काय समजते बावा," ते म्हणाले. "तू म्हंतो त तसंच असंल."

त्यांच्या ह्या वाक्यानं मला अजून झोपेतून जाग येते.

आषाढात नाली छान वाहिली. वकीलसाहेब छत्री घेऊन बघून गेले. माझी पाठ थोपटली. गल्लीतले लोक मला पाहून थांबू लागले, एकानं तर तंबाखू पुढं केली. मला वाटलं, आता ह्या गावात माझं बसणं-उठणं सुरू होणार. इतका खूश मी बायको गेल्यापासून झालो नव्हतो.

श्रावण लागला तसं पुंजाजी म्हणाले, "पाणी थांबून थांबून जाऊन राहिलं रे."

"गाळ असेल. झाडून घेतो."

झाडून घेतली. गाळ पसाभर निघाला. तेव्हा लेव्हल काढून पुन्हा मोजायला किती वेळ लागला असता? अर्धा दिवस. लेव्हल माझ्याच खोलीत, पेटीत होती. मी ती काढली नाही. आत कुठंतरी भीती वाटली असेल आणि मी ती गाळावर ढकलली.

मग झड लागली. झड म्हणजे मुसळधार नव्हे, तीन-तीन दिवस न थांबणारा सारखा पाऊस. आमच्याकडे दर श्रावणात लागते. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी पेठेत उभा होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर नालीतला एक पळसाचं पान उलटं चाललं होतं. नाल्याकडे न जाता गल्लीकडे. मला आधी कळेना, मग कळलं. पेठेतली मधली नाली फुगून वर आली होती, फरशीसकट. गल्लीच्या बाजूचं सगळं पाणी तिथं अडत होतं आणि मागं फिरत होतं. आणि मागं जायची जुनी वाट मीच बुजवलेली.

मी पळत गल्लीत गेलो. पुंजाजींचं अंगण गुडघाभर भरलं होतं. ते पहारीनं मागच्या भिंतीतली मोरी फोडत होते. माझा चुना चांगला होता, लवकर फुटला नाही. मी पहार घेतली, आणखी चार जण आले. मोरी फुटली तेव्हा पाणी एकदम निघून गेलं. पेवाच्या जागी मात्र भोवरा फिरत होता. लेप वाहून गेला होता आणि पेव पाणी पीत होतं.

"असू दे," पुंजाजी म्हणाले. "आता असू दे."

उघाड पडल्यावर पाच दिवसांनी पेव उघडलं. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, आत विषारी हवा असते. आधी दोरीनं दिवा सोडतात, तो जळत राहिला तर माणूस उतरतो. आमचा दिवा तीन वेळा विझला. चौथ्यांदा टिकला. पण त्याआधीच वास आला होता आणि सगळ्यांना समजलं होतं. काळी पडलेली, मोड आलेली, आंबलेली ज्वारी. बैलांनीसुद्धा तोंड फिरवलं. लोकांनी टोपल्यांनी ती बाहेर काढली आणि मागच्या पडीत जागेत नेऊन टाकली.

मी बाजारातून ज्वारीची दोन पोती घेऊन पुंजाजींच्या ओट्यावर ठेवली. त्यांनी पोत्यांकडं पाहिलं. "बापू, जलमभर इकतची जवारी नाही खाल्ली रे. ने परत." रागानं नव्हे, समजावून सांगितल्यासारखं.

दोन दिवसांनी गोदा रेंगी घेऊन आली. मी तिथंच होतो. ती अंगणात उभी राहिली, रिकाम्या पेवात डोकावली आणि बापाला म्हणाली, "दर साली दगडावर पाय आपटत होते न? आपटा आता." आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून रडायला लागली. पुंजाजी आत गेले आणि सामान घेऊन आले. एक पेटी, एक घोंगडी, पितळेचा तांब्या. घराला कुलूप लावून किल्ली त्यांनी गोदाच्या हातात दिली. रेंगी गल्लीतून निघाली तेव्हा माणसं दारात उभी होती. मी रेंगीच्या बाजूनं चालत सोबत गेलो, वेशीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी अकोला गाठलं. गुलाबखाँ मिस्त्री ह्या वेळी भेटले. पांढरी दाढी, हाताची बोटं चुन्यानं फाटलेली. मी ओव्हरसियर आहे असं सांगितलं तशी त्यांनी बसायला बाज दिली. मी कलम पुढं केलं.

"खाँसाहेब, ह्याचा अर्थ काय?"

"अर्थ काय साहेब, सीधी गोष्ट हाय," ते म्हणाले. "काळी जमीन म्हंजे जितं जनावर. पानी पेलं का उठते. कोठी चार अंगुल उठते, कोठी एक. कोठी किती, ते तिले एक बरसात पाजल्याबिगर कोनालेच समजत नाही. तुमची दुर्बीन उन्हाळ्यात तिले झोपेल पाहते. म्हनून पयली बरसात कच्ची ठिवाची. जिथं उठंल तिथं खुना कराच्या, दसऱ्यानंतर तेवढं खोल खोदाचं, खाली मुरूम भराचा अन् मंग पक्कं कराचं. बस."

दोन मिनिटं लागली असतील.

"अमरावतीच्या नियमांत हे का नाही?"

"त्यायले काहून लागंल? त्यायच्या खाली मुरूम हाय." मग माझ्याकडं निरखून पाहत म्हणाले, "मागं एक ओव्हरशेर आलते, कारकुनानं सांगावा धाडला मले. मी मोरणेवरून घाईघाईनं आलो, जेवनही नव्हतं केलं. पाहतो त गेलते. तुमीच का?"

"मीच."

"मंग काहून गेले? च्या ठिवाले सांगतलाच होता मी."

गाडी चुकली असती, असं सांगितलं. त्यांनी मान हलवली. चहा मागवला. तो मी घेतला.

गावी आलो तर वकीलसाहेब वाट पाहत होते. "रिपोर्ट आजच जाऊ द्या. अतिवृष्टी लिहा."

"अतिवृष्टी नव्हती. नेहमीची झड होती."

"अहो, नागपूरला कोण मोजायला बसलंय? नैसर्गिक आपत्ती. संपलं."

"मी अकरावं कलम खोडलं, असं लिहितो."

"तुम्हाला कोणी विचारलंय का? मी अध्यक्ष आहे, मीही त्या वेळी बसलो होतो ना समोर?"

"पेन्सिल माझ्या हातात होती, साहेब."

त्यांनी फाइल माझ्याकडं सरकवली आणि छत्री घेऊन निघून गेले. मी खरं लिहिलं. त्यात मोठेपणा नव्हता. राग होता, स्वतःचाच, आणि तो काढायला दुसरी जागा नव्हती. वरून ताकीद आली, सर्व्हिस बुकात लाल शाईनं नोंद झाली. वकीलसाहेब पुढं माझ्याशी चिठ्ठीनं बोलायचे, मधे एक दार असतानासुद्धा.

दसऱ्यानंतर पेठेतली फरशी उखडली. गुलाबखाँनी सांगितलं तसंच केलं. उठलेल्या जागा खुणांवरून खोल खोदल्या, मुरूम भरला, धुम्मसानं ठोकून घट्ट केला, मग चुना. अकरावं कलम आमच्या नियमांत पहिलं म्हणून घातलं. पुढच्या श्रावणात झड लागली तेव्हा मी तीन दिवस छत्री घेऊन नालीच्या काठानं फिरत होतो. पाणी सरळ गेलं. पुंजाजींचं अंगण कोरडं होतं.

झड संपली त्या आठवड्यात मी हिवरखेडला गेलो. जावयाचं घर मोठं, बैलांचा गोठा, ओट्यावर माणसांची ये-जा. पुंजाजी एका कोपऱ्यात बाजेवर बसले होते, हडकले होते. मला पाहिलं आणि उठायला लागले.

"या साहेब," ते म्हणाले. "बसा."

मी बसलो. ऐकण्यात चूक झाली असेल असं वाटलं. मग सांगितलं, नाली दुरुस्त झाली, तीन दिवस झड होती तरी अंगणात थेंब नाही, पेवाची जागा कोरडी आहे, ह्या वर्षीची ज्वारी आली की भरता येईल. एका दमात सांगितलं.

"पानी सरळ जाते?"

"सरळ जातं."

"लोकायचं भलं झालं." त्यांनी दाराकडं पाहिलं. "साहेब, तुमाले च्या सांगतो. गोदे, साहेब आले व, च्या ठिव."

"पुंजाजी, चला ना परत. मी आहे तिथं."

"तुमी सरकारी मानूस. आज इथं, उद्या तिथं." हे रागानं म्हणाले असते तर मी पाय धरले असते. अगदी आदरानं म्हणाले. कोणाच्याही दारात येणाऱ्या ओव्हरसियरशी बोलावं तसं. मग माझ्या मोटरीची वेळ विचारली, वाटेत पाणी लागेल म्हणाले, सांभाळून जा म्हणाले. चहा संपल्यावर मला बसून राहायला काही कारण उरलं नाही.

त्या गावात मी आणखी तीन पावसाळे काढले. नाली एकदाही तुंबली नाही. हिवताप कमी झाला. शेजारच्या दोन कमिट्यांनी आमचे नियम मागवून नेले, त्यावर नाव वकीलसाहेबांचं होतं. त्याचं मला काही नाही. संध्याकाळी मी कमिटीच्या ओट्यावर बसायचो आणि मग आत जायचो. गल्लीच्या टोकाचं घर दुसऱ्या वर्षी एका बाजूनं बसलं. गोदाचा नवरा येऊन त्याचे सागवानी खांब काढून घेऊन गेला. पुंजाजी हिवरखेडलाच वारले. मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही दुसऱ्याच कामाच्या बोलण्यात.

पुढं नोकरीत माझ्या हाताखाली बरीच ओव्हरसियर मंडळी आली. दुसऱ्या शहराचे नियम आणून ताडून पाहायचं काम त्यांनाही पडायचं. ते विचारायचे, कसं पाहायचं? मी सांगायचो, जे कलम समजलं ते घ्या किंवा सोडा, तुमची मर्जी. जे समजलं नाही त्याला पेन्सिल लावू नका. ज्यानं लिहिलं त्याच्याकडे जा आणि तो जेवायला येईपर्यंत बसा. गाड्या पुष्कळ असतात. मला त्या दिवशी अकोल्यात आणखी एकच तास बसायचं होतं.